जिवाणी

“वरून ओतायची नाही. कळशी पाण्याला टेकू दे, मग हिसका दे.”

लग्न होऊन मी मळ्यात आले, त्या पहिल्याच सकाळी आत्तींनी मला विहिरीच्या काठावर उभं करून हे सांगितलं. आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई, जिनव्वा मगदूम. आमच्या भागात सासूला आत्तीच म्हणतात.

जैनाघरी पाणी गाळून पितात हे सगळ्यांना ठाऊक असतं. गाळल्यावर फडक्यावर जे राहतं त्याचं पुढं काय होतं, ते कुणी विचारत नाही. डोळ्यांना दिसत नाहीत असे बारीक जीव त्या फडक्यावर असतात. फडकं उलटं करून गाळलेल्या पाण्यानंच धुवायचं. ते धुवण म्हणजे जिवाणी. ती ज्या विहिरीची, त्याच विहिरीत परत सोडायची. तीसुद्धा वरून भिरकावून नाही, कारण इतक्या उंचावरून पडले तर ते जीव मरतात. आमच्याकडे त्यासाठी बुडाला कडी असलेली छोटी पितळी कळशी होती. दोर असा ओवलेला असायचा, की कळशी पाण्याला टेकली आणि हिसका दिला की अलगद उपडी व्हायची.

“आमच्या घरीपण गाळतात की,” मी म्हटलं.

“तुझ्या माहेरचं फडकं बघितलंय मी,” आत्ती म्हणाल्या. “त्यातनं बेडूक जाईल.”

मला हसू आलं. त्यांनाही आलं असावं, पण त्या पाठमोऱ्या होत्या.

त्यांनी मला शिकवलं तेवढंच. करू मात्र कधी दिलं नाही. भाकऱ्या माझ्या, म्हशीची धार माझी, बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, जाताना फुलांची परडी माझी. जिवाणीची कळशी त्यांची. अंगात ताप असला तरी त्या उठून विहिरीवर जायच्या. एकदा मी न विचारता कळशी उचलली, तर हातातून काढून घेतली. रागावल्या नाहीत. “हे माझं आहे,” एवढंच म्हणाल्या.

लग्नानंतरच्या वर्षी भाद्रपदात ते घडलं. आमचं दहा दिवसांचं दशलक्षण पर्व चालू होतं. माझे यजमान सुकुमार रोज पहाटे गावातल्या बस्तीत अभिषेकाला जायचे आणि संध्याकाळी परत यायचे. मला सातवा महिना लागला होता, म्हणून मी घरीच असायचे. रोजचे पाठ, रोजचा एखादा नियम, दिवस मावळायच्या आत जेवण, हे सगळं आम्ही दोघी मळ्यातच करायचो.

आमचं घर गावापासून लांब. खाली ओढा, ओढ्याजवळ विहीर, तिथून थोडं वर घर आणि घरामागं माळाचा चढ. ओढ्याच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत, एक पाझर तलाव होता. पावसाळ्यात तो भरला की सांडव्यावरून पाणी यायचं आणि ओढा दोन-तीन दिवस गढूळ वाहायचा. याहून जास्त त्यानं कधी काही केलं नव्हतं.

त्या दिवशी आदल्या संध्याकाळपासून पाऊस थांबला नव्हता. आत्तींनी भिजत जाऊन घागर भरून आणली आणि पाणी घरातच गाळलं. जिवाणीची कळशी चुलीपासून लांब, कोनाड्यात झाकून ठेवली. “जरा उघडीप मिळाली की सोडून येते,” म्हणाल्या. उघडीप काही मिळाली नाही.

दुपार कलली तेव्हा माळावरून बिरू धनगर उतरत आला. त्याच्या डोक्यावर घोंगड्याची खोळ होती. तो माझ्या यजमानांपेक्षा बराच मोठा, त्याची मुलं लग्नाला आलेली. त्याची वस्ती माळावर, आमच्या घरापासून हाकेच्या थोडी पलीकडं. पण तो आमच्या अंगणात कधी पाय ठेवायचा नाही. त्या दिवशीही कुंपणाबाहेरच थांबला.

“वैनी,” तो मला म्हणाला, “तलावाचा बांध खचाय लागलाय. मी बघून आलोय. माळावर चला. आत्ताच्या आत्ता.”

आत्ती दारात आल्या. त्याच्याकडं न बघता मला म्हणाल्या, “त्याला सांग, दरसाली गळतोय बांध.”

“त्यास्नी सांगा,” बिरूही माझ्याकडंच बघत म्हणाला, “दरसाली गळतोय, औंदा धसतोय. मातीच जाया लागलीया खालनं.”

ही त्यांची बोलायची रीत मी वर्षभर बघत होते. एकमेकांशी कधी शब्द नाही. वाटेत समोरासमोर आले तर आत्ती बाजूला उभ्या राहायच्या आणि बिरू मेंढरं हाकत निघून जायचा. बांधावरून काही भांडण झालं असेल, असं मला वाटायचं. यजमानांना विचारलं, तर ते म्हणाले, “जुनं आहे. आईला विचारू नकोस.”

आत्तींनी एकदा ओढ्याकडं पाहिलं, आणि मग त्यांनी वेळ घालवला नाही. म्हशीचं दावं सोडलं, रेडकाचं सोडलं आणि दोघांना पाठीवर थाप मारून चढाकडं हाकललं. माझ्या हातात शाल दिली. आणि आत जाऊन कोनाड्यातली कळशी घेऊन आल्या.

“आत्ती, ती राहू दे ना,” मी म्हटलं. “इथंच ठेवा.”

“इथं ठेवून काय करतील ते जीव? वाळून मरतील.”

“बांध फुटला तर पाणी विहिरीतच जाणार आहे की सगळं.”

“ते पाण्याचं. मी माझं बघते.” त्यांनी पदर खोचला. “तू चढायला लाग. तुला वेळ लागतो. अर्ध्या वाटेवर तुला गाठते बघ.”

त्या खाली गेल्या, मी वर निघाले. बिरू माझ्यापुढं दोन पावलं टाकायचा, मागं वळून बघायचा आणि पुन्हा चालायचा. चिखलात माझा पाय घसरत होता. वळणावर आल्यावर मी खाली पाहिलं. आत्ती विहिरीच्या काठावर वाकून दोर सोडत होत्या. रोजच्यासारखाच, हातामागं हात, सावकाश. मध्ये एकदा थांबल्या. कळशी कडेला लागली असावी. त्यांनी ती परत थोडी वर घेतली आणि मधोमध करून पुन्हा सोडली.

“काय करत्यात त्या?” बिरू म्हणाला.

मी “येताहेत,” म्हटलं.

आधी वास आला, ओल्या मातीचा, नांगरट केल्यावर येतो तसा, पण घशात बसणारा. मग आवाज आला, खडी भरलेले ट्रक एकामागून एक रिकामे करावेत तसा. ओढा काठ सोडून शेतात पसरला. लाल, पातळ, घोट्याएवढं पाणी. आत्तींची कळशी तोवर वर आली होती. त्यांनी ती काखेत धरली आणि घराकडं चालायला लागल्या. चार पावलं टाकली असतील-नसतील, पाणी गुडघ्याला आलं आणि त्या हलल्या. पडल्या नाहीत. जागच्या जागी थांबल्या.

“मागं फिरा,” बिरू ओरडला. “आत्याबाई, मागं फिरा. मोटंच्या चौथऱ्यावर चढा.”

तो त्यांच्याशी थेट बोललेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. आणि आत्तींनी ऐकलं. विहिरीला लागून जुन्या मोटेचा दगडी चौथरा होता, पुरुषभर उंच. कळशी टाकून त्या दगडांना धरत वर चढल्या. साठी उलटलेली बाई, पण चढल्या. चढून उभ्या राहिल्या तोवर वरून दुसरं पाणी आलं.

ते पाणी मी सांगू शकत नाही. भिंतच चालत आली म्हणावं तर भिंत एका जागी असते. त्यात अख्खी झाडं मुळांसकट गिरक्या घेत होती. आमच्या गोठ्याचा पत्रा उचलला गेला, मग गोठा, मग घराची ओढ्याकडची भिंत आत बसली. विहीर कुठं होती ते कळेना. पाण्याच्या मधोमध तो चौथरा आणि त्यावर आत्ती, एवढंच राहिलं.

मी खाली धावले. म्हणजे धावले असं मला वाटलं. बिरूनं माझा दंड धरला होता.

“सोडा मला.”

“गुडघाभर पाणी माणसाला उचलतंय वैनी. हे तर पार गळ्याएवढं हाय. आणि तुम्ही एकट्या न्हाईसा, दोघं हाईसा.”

“मग तुम्ही जा.”

त्याला पोहता यायचं, पण त्या पाण्यात पोहणं नव्हतं, हे मलाही दिसत होतं. तरी मी म्हटलं. तो रागावला नाही.

“वाघर आणतो,” तो म्हणाला. मेंढरं कोंडायची दोऱ्यांची जाळी, तिला धनगर वाघर म्हणतात. “जाळी उसवली की लांब दोर हुईल. तुम्ही हितनं हलायचं न्हाई. माझ्या गळ्याची आण हाय.”

तो माळावर पळत गेला. मी बाभळीच्या बुंध्याला धरून उभी राहिले. आत्ती आणि माझ्यामध्ये पाऊणशे हात असतील, आणि सगळं पाणी. पाऊस जरासा कमी झाला तसा आत्तींचा आवाज यायला लागला.

“म्हस वर आली का?”

“आली, आत्ती.”

“धारंची वेळ झालीय तिची. पान्हा चोरंल.”

“आत्ती, खाली बसा. वाऱ्यात उभ्या राहू नका.”

“बसले तर साडी भिजंल,” त्या म्हणाल्या. नखशिखान्त भिजल्या होत्या. मग थोड्या वेळानं बसल्या.

“सुकुमार कुठाय?”

“बस्तीतच असतील. गावाकडची वाट बंद झाली असणार.”

“बरं झालं. नाहीतर उडी टाकली असती येड्यानं.” मग म्हणाल्या, “बिरू गेला का?”

“दोर आणायला गेलाय. येतोय.”

“मग ऐक. तो यायच्या आत.”

मला वाटलं, दागिन्यांचं काही सांगतील, नाहीतर बाळाचं नाव. पाणी चौथऱ्याच्या वरच्या दगडाला लागत होतं.

“तुझ्या लग्नाच्या चार-पाच वर्षं आधी, उन्हाळ्यात,” त्या म्हणाल्या, “बिरूची एक मेंढी आपल्या भाजीत शिरली. वांगी, दोडका, सगळं खाल्लं तिनं. मला राग आला. मी तिला धरून गोठ्याच्या खोलीत कोंडलं. म्हटलं, येऊ दे मागायला. त्याची आई येईल, लगमव्वा, तिला चार शब्द ऐकवू आणि सोडू. ऐकू येतंय का तुला?”

“येतंय.”

“तेवढ्यात गावातनं निरोप आला, मुनी महाराज आलेत, उद्या त्यांच्या आहाराची, जेवणाची, तयारी आपल्या घराण्याकडे. सुकुमारपण गावातच होता, मी तशीच निघाले. कडी लावलेली तशीच राहिली. आहार झाला, प्रवचन झालं, मुक्काम झाला. परत आले तर लगमव्वा अंगणात बसलेली. खोलीची कडी तिनंच काढली होती. मेंढी पाण्याविना मेली होती. गाभण होती गं. चैताचं ऊन, वर पत्रा.”

पाण्यातून एक ओंडका आला आणि चौथऱ्याला धडकून गेला. आत्तींनी दगड धरला.

“लगमव्वानं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती काही बोलली नाही. मेंढी खांद्यावर टाकली आणि जाताना म्हणाली, ‘मुंगीला वाट देतासा तुम्ही, आक्का.’ एवढंच.”

मी डोळ्यांवरचं पावसाचं पाणी पुसलं.

“दरसाली क्षमावाणीला मी सगळ्या गावाची क्षमा मागते. ज्यांचं काही केलं नाही त्यांचीपण. तिच्याकडे गेले नाही. निघायची. अर्ध्या चढावरनं परत यायची. तिच्यासमोर हात जोडायला हात उचलत नव्हते.” त्यांचा आवाज बसला होता. “औंदा जायचं ठरवलं होतं मी. आता तू जा.”

“आपण दोघी जाऊ. बिरू दोर आणतोय.”

“तू आधी हो म्हण.”

“तुमचं तुम्ही बोलायला पाहिजे, आत्ती. माझ्या बोलण्यानं काय होणार?”

“काही होऊ दे, न होऊ दे. तू हो म्हण.”

मी हो म्हटलं. मोठ्यानं म्हणावं लागलं. आत्तींनी ऐकलं, कारण त्यांनी मान हलवली.

मग त्यांनी मला विचारलं, “दिवस मावळला का? मला ढगात काही दिसत नाही.”

“अजून नाही.”

“बरं.” त्यांनी हात जोडले, डोळे मिटले आणि मला ऐकू येईल एवढ्या आवाजात म्हणाल्या, “हे पाणी उतरेपर्यंत अन्नाचा आणि पाण्याचा त्याग.”

चारी बाजूंनी पाणी, आणि मध्ये त्या पाण्याचा त्याग करत होत्या. मी इकडं बाभळीखाली णमोकार मंत्र म्हणायला लागले. त्यांचे ओठ हलत होते, पण त्या काय म्हणत होत्या ते मला कळत नव्हतं.

बिरू वाघर घेऊन आला तेव्हा पाऊस पुन्हा भरून आला होता. त्यानं जाळी उसवून दोर सोडवला, टोकाला दगड बांधला, दुसरं टोक बाभळीला. पहिल्यांदा फेकला तो अर्ध्यातच पडला. दुसऱ्यांदा त्याहून थोडा पुढं. तो पाण्याच्या इतक्या कडेला गेला होता की मी त्याचं घोंगडं मागून धरून ठेवलं होतं.

आता पाण्याच्या आवाजापुढं आत्तींचं काही ऐकू येत नव्हतं. त्या उठून उभ्या राहिल्या. पाणी त्यांच्या पायांवरून जात होतं. त्यांनी बिरूकडं पाहिलं आणि हात जोडले. खाली केले नाहीत. तोंडानं काहीतरी म्हणत होत्या.

“हात जोडू नका,” बिरू जिवाच्या आकांतानं ओरडला. “मी हाय की हितं. हात मोकळं ठेवा. दोर धरा, आत्याबाई, दोर.”

त्याला वाटलं, त्या वाचव म्हणताहेत. त्यानं पुन्हा दोर फेकला. चौथऱ्यापासून हातभर अंतरावरून तो वाहून गेला. आत्तींनी धरायला हात काढला नाही. तसेच जोडून उभ्या होत्या.

“ऐकंनात की,” बिरू माझ्याकडं वळून म्हणाला. त्याचे डोळे लाल झाले होते. “सांगा की तुम्ही त्यास्नी.”

मला दोन्हीकडचं ठाऊक होतं. तिकडं ओरडले तर पोचत नव्हतं. इकडं सांगायला लागले, तर तो दोर टाकायचा थांबेल असं वाटलं. म्हणून मी नुसतं “आत्ती, दोर,” म्हणून ओरडत राहिले. माझा मलाच आवाज येत नव्हता.

पावसाची जाड सर आली. समोरचं सगळं पांढरं झालं. बिरूनं दोर ओढून घेतला, दगड पुन्हा आवळून बांधला आणि सर सरकायची वाट बघत उभा राहिला. आम्ही दोघंही उभे होतो. सर सरली तेव्हा तिथं सगळीकडं सारखंच पाणी होतं.

बिरूनं तरीसुद्धा एकदा दोर फेकला.

दिवस मावळायच्या सुमाराला माळाच्या वरच्या रस्त्यानं गावातली माणसं ट्रॅक्टर घेऊन आली. त्यात माझे यजमान होते. त्यांनी मला पाहिलं, मग माझ्या मागं पाहिलं. बिरू काठाकाठानं खाली शोधायला निघून गेला होता. मला कुणीतरी उचलून ट्रॅक्टरमध्ये बसवलं.

दुसऱ्या दिवशी आत्ती खालच्या गावाच्या पुलाशी सापडल्या. बिरूलाच सापडल्या. त्यानं आपलं घोंगडं त्यांच्यावर घातलं आणि आमची माणसं पोचेपर्यंत तिथंच बसून राहिला, असं मला नंतर कळलं. आमची माणसं आल्यावर तो माळाकडं निघून गेला.

घर उरलं नव्हतं. बस्तीशेजारच्या धर्मशाळेत आम्हाला एक खोली दिली. बायका यायच्या, माझ्याजवळ बसायच्या, मला जेवायला लावायच्या. पोटातलं बाळ हलायचं, तेवढंच मला जाणवायचं. एक म्हातारी एकदा म्हणाली, “जिनव्वासारखी बाई मिळायची नाही. मुंगीला दुखवलं नाही कधी तिनं.” सगळ्यांनी माना हलवल्या. मी खाली बघत बसले.

पर्व संपलं आणि क्षमावाणीचा दिवस आला. सकाळपासून बस्तीत गर्दी. माणसं एकमेकांसमोर हात जोडत होती. कळत-नकळत काही दुखावलं असेल तर क्षमा करा, म्हणत होती. लहान पोरं मोठ्यांना म्हणत होती, आणि मोठी माणसं पोरांना. सुतक असल्यामुळं मी आत गेले नाही. खोलीच्या दारात बसून होते. येणारे-जाणारे माझ्याकडं बघून हात जोडायचे, मीही जोडायचे.

बायकांचा घोळका पांगल्यावर मी उठले. पायांत वहाणा घातल्या.

“कुठं गं?” यजमानांनी विचारलं. ते भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी दाढी केली नव्हती.

“माळावर जाऊन येते.”

“सुतकात? आणि या अशा अवस्थेत, एकटी?”

“वरच्या वाटेनं जाते. तिथं पाणी नाही.”

त्यांना मेंढीचं ठाऊक होतंच. आईनं मला काही सांगितलं असेल, हे त्यांना तेव्हा कळलं की नाही, मी आजवर विचारलेलं नाही.

“ऊन व्हायच्या आत ये,” ते म्हणाले.

गाव मागं पडलं. पावसानं उघडीप दिली होती. माळावरचं गवत गुडघाभर वाढलं होतं आणि वाट चिखलानं भरली होती. पूर आल्यावर धनगरांनी वस्ती अजून वरच्या अंगाला हलवली होती, एवढं मी ऐकलं होतं. नेमकी कुठं, ते मला माहीत नव्हतं. लगमव्वाला मी कधी जवळून पाहिलंही नव्हतं. तिच्यासमोर उभी राहून पहिला शब्द काय बोलायचा, तेही ठरलेलं नव्हतं.

चढावर चिखलात मेंढरांच्या खुरांच्या खुणा वर गेल्या होत्या. मी पदर खोचला आणि त्या खुणांच्या कडेकडेनं चढायला लागले.